धागा: नागपुरात तिसरी ते पाचवीच्या मुलांना जर्मन – पैसा कुठून आणायचा आणि कशावर घालायचा?

संत्रानगरी
एका ट्रस्टच्या शाळेत (खासगी, विनाअनुदानित, राज्य मंडळ) तिसरी ते पाचवीसाठी जर्मन सुरू करायचा विचार चालू आहे. साधारण ९० मुलं, त्यातली १८ आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याने मोफत प्रवेश मिळालेली). जर्मनची बी-टू पातळी (सुरुवातीची ए-वन, मग ए-टू, बी-वन, बी-टू) झालेल्या एक शिक्षिका मिळू शकतात. पालक-शिक्षक संघात तीन मतं पडली: पालकांनी फी द्यावी, एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) आणावा, किंवा जर्मन संस्थांकडे मागावं. "जर्मन का, जपानी का नाही" हा वाद कृपया इथे नको. खर्च, नियम आणि वर्गात प्रत्यक्ष काय अडतं, तेवढं जाणकारांनी सांगावं.

शाळामंडळ
पैशाआधी वेळापत्रकात जागा ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर लटकलेलं आहे.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. मोडलं तर शाळाप्रमुखाला एक लाखापर्यंत दंड. त्यामुळे मराठीच्या तासाला हात लावायचा नाही, 'तात्पुरता' सुद्धा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी वगैरे परकीय भाषांचा उल्लेख माध्यमिक स्तरासाठी आहे, आणि तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय हव्यात. म्हणजे तिसरीत जर्मन हा 'विषय' होऊ शकत नाही, 'उपक्रम' होऊ शकतो. गुणपत्रिकेत टक्क्यांत धरू नका. वेगळा शेरा द्या.

केंद्रीय विद्यालयांचं उदाहरण समोर ठेवा. २०११ च्या करारानुसार तिथे जर्मन तिसरी भाषा म्हणून आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, सत्र निम्मं संपलेलं असताना, तिच्या जागी संस्कृत आलं. सत्तर हजारांहून जास्त मुलं मध्येच अडकली. २०१५ मध्ये जर्मनला जादा परकीय भाषा म्हणून पुन्हा वाट मिळाली, पण तोवर बरेच शिक्षक दुसरीकडे लागले होते. शिकवणं कुठे चुकलं नव्हतं. तिसऱ्या भाषेची जागा घेतली होती, तेवढंच. उपक्रम म्हणून राहिलात तर हा धोका निम्म्याहून कमी होतो.

जर्मनताई
आता तासांचा हिशेब, कारण "वर्षभरात ए-वन करून देतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतील.

ए-वन गाठायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, हा ग्योथे इन्स्टिट्यूटचाच (जर्मन भाषा शिकवणारी, परीक्षा घेणारी जर्मनीची संस्था) अंदाज. आपल्या शाळेतली तासिका ३५ मिनिटांची. आठवड्याला दोन धरल्या, तर वर्षाला खरे आठवडे किती मिळतात? विदर्भात शाळा जूनअखेर उघडते. मग तान्हा पोळा, मारबत, गणपती, घटक चाचणी, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, डिसेंबरात अधिवेशनाचे रस्ते बंद, गॅदरिंगची तालीम. ३० आठवडे पदरात पडले तरी पुष्कळ. म्हणजे ६० तासिका, २१०० मिनिटं, ४५ च्या हिशेबाने जेमतेम ४७ तास. लहान मुलांना १२० ते १४० तास धरावेत. याचा अर्थ तीन वर्षं. तिसरीत सुरू केलेलं मूल पाचवीच्या शेवटी ए-वनच्या आसपास येईल. यापेक्षा लवकर नाही.

वर्ग २४ च्या वर नको. ४५ मुलांत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला मिनिटभरही येत नाही आणि मग तो वर्ग फळ्यावरून उतरवून घेण्याचा होतो. तुमच्या ९० मुलांच्या चार तुकड्या करा. दोन तासिका लागून ठेवू नका. सोमवार-गुरुवार अशा अंतराने ठेवा. शेवटची तासिका तर अजिबात घेऊ नका, कारण रिक्षावाले काका गेटवर आले की वर्ग संपलाच.

हिशेबनीस
ताईंच्या आकड्यांवरच अंदाजपत्रक मांडतो. दर मी धरलेले आहेत, तुम्ही आपले टाका.

चार तुकड्या × ६० = २४० तासिका. तासिकेला ४५० रुपये धरले तर मानधन १,०८,०००. कार्ड, छपाई, लॅमिनेशन पहिल्या वर्षी १२,०००. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला १५,०००. राखीव ३६,०००, म्हणजे मानधनाचा तिसरा हिस्सा. एकूण १,७१,०००. नव्वदांत वाटले तर माणशी १,९००. पण आरटीईच्या मुलांकडून घेता येणार नाही आणि त्यांना वर्गाबाहेर बसवताही येणार नाही, म्हणून ७२ जणांत वाटायचे: २,३७५ रुपये. हा आकडा पालकसभेत पहिल्याच दिवशी सांगा. नंतर कळलं की भांडण होते.

राखीव रक्कम लोक सर्वात आधी कापतात. तिच्यावरच तर सगळं उभं आहे. शिक्षिका डिसेंबरात सोडून गेल्या तर बदली माणूस जास्त दराने आणावा लागतो, आणि ते पैसे नसले की वर्ग बंद पडतो.

दोन बारकावे. शिक्षिकेला थेट मानधन देत असाल आणि वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर जात असेल, तर व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस कापावा लागतो, इथे १०,८००. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या चेकला गैरसमज होतो. आणि बाहेरच्या क्लासमार्फत शिक्षक घेतलात व तो क्लास जीएसटी-नोंदणीकृत असला, तर १८ टक्के वर. १,०८,००० वर १९,४४०. शाळेचं शिक्षण करमुक्त असल्याने हा कर कुठे वळता करून घेता येत नाही. तो खर्चच.

धरमपेठी
शाळा फी म्हणून घ्यायची की वेगळी पावती?

हिशेबनीस
शाळेच्या नावाने घेणार असाल तर शुल्क विनियमन कायदा २०११ लागतो. व्यवस्थापनाने प्रस्ताव पुढच्या सत्राच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवायचा, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील. म्हणजे जूनसाठीचा प्रस्ताव डिसेंबरात जायला हवा. "वेगळ्या पावतीने रोख घेऊन टाका" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तक्रार झाली की पहिली ती पावतीच पुढे येते.

बजेरियाचा_पोट्टा
राजेहो, मिहानमध्ये एवढ्या कंपन्या बसल्या, बुटीबोरीत कारखाने, वर वेकोली अन् मॉईल या सरकारी खाणकंपन्यांची मुख्यालयं आपल्याच गावात. एक लाख सत्तर हजार तर त्यांच्या चहापाण्याचा खर्च. काहून पालकांच्या खिशात हात घालून राहिले?

सीएसआर_खिडकी
भाऊ, रक्कम लहान आहे हीच अडचण आहे. कंपनीला दीड लाखाच्या प्रकल्पासाठीही तेवढीच कागदपत्रं करावी लागतात जेवढी पन्नास लाखांच्या प्रकल्पासाठी.

नियम असा: कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. शिक्षण अनुसूची सातमध्ये, म्हणजे चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहे, म्हणजे तत्त्वतः जर्मनही बसतं. पण पुढच्या चाळण्या बघा.

पैसा घेणाऱ्या ट्रस्टकडे प्राप्तिकराच्या १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही नोंदणी हव्यात, त्यावर सीएसआर-१ हा कंपनी खात्याकडचा नोंदणी क्रमांक हवा, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. पालकांनी काल स्थापन केलेली संस्था इथेच गळते. ट्रस्ट जुना असेल तर त्याच्या नावाने जा, पण विश्वस्त बदलले असतील आणि बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत गेला नसेल, तर आधी ते निस्तरा. कंपनीचा माणूस सर्वात पहिले शेड्यूल-वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा, उतारा मागतो, आणि त्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं असली की फाईल तिथेच थांबते.

आणि खरं सांगायचं तर फी भरणाऱ्या पालकांच्या मुलांना जर्मन शिकवायला सीएसआर समिती पैसे देणार नाही. देऊही नये. महापालिकेच्या शाळेतली मुलं जोडा, शनिवारी सकाळी तुमच्याच वर्गखोल्यांत दोन तुकड्या त्यांच्यासाठी चालवा, तेवढ्याचाच खर्च मागा. मग अर्ज वाचला जातो. फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीचा वर्ग मात्र सीएसआरमध्ये धरत नाहीत.

वेळ पाळा. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, तुमचं जून ते एप्रिल. पुढच्या वर्षाची यादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बनते. जुलैमध्ये अर्ज घेऊन गेलात तर "मार्चमध्ये शिल्लक राहिली तर बघू" हे उत्तर ठरलेलं, आणि मार्चमध्ये आलेला पैसा ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायची घाई होते. त्या घाईत स्मार्ट टीव्ही घेतले जातात.

रामदासपेठ_वाचक
टीव्ही वाईट का? मुलांना उच्चार ऐकायला मिळतील.

जर्मनताई
उच्चारासाठी दोन हजारांचा चांगला ब्लूटूथ स्पीकर पुरतो. टीव्ही वर्गात आला की पाच मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटांचं होतं. त्याच पैशात एका तुकडीचं वर्षभराचं मानधन निघतं.

अत्रे_लेआउट
मुलाचे काका श्टुटगार्टला आहेत. तिथल्या मराठी मंडळींना गोळा करून वर्षाला हजार युरो पाठवायला तयार आहेत. ट्रस्टच्या खात्यात थेट घ्यायचे का?

हिशेबनीस
थांबा. हा या धाग्यातला सर्वात धोक्याचा प्रश्न आहे.

पैसे कुठल्या देशातून आले यापेक्षा देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, हे महत्त्वाचं. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल तर ते परकीय योगदान नाही. त्याच माणसाने जर्मन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ते परकीय योगदान आहे. आणि 'मंडळी गोळा करून' म्हणजे तिथल्या नोंदणीकृत मंडळाच्या खात्यातून आले तर ती सरळसरळ परकीय संस्था, सभासद सगळे सदाशिव पेठेतले का असेनात.

परकीय योगदान घ्यायला त्याच्या नियमन कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं बंद आहे. त्यामुळे "अमुक संस्थेकडे एफसीआरए आहे, तिच्यामार्फत घेऊ" हा जुना मार्गही संपला. पुस्तकं, कार्डं अशी वस्तूरूप मदतही याच कायद्यात येते. हजार युरोंसाठी ट्रस्टची मान अडकवू नका.

साधा उपाय: ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपापल्या एनआरओ किंवा एनआरई (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यातून वैयक्तिक द्यावं, सोबत पासपोर्टची प्रत आणि पत्र. प्रत्येकाला वेगळी पावती. भारतात कर भरणाऱ्यांना ८०जी उपयोगी, पण जुन्या कर-पद्धतीतच, आणि २,००० च्या वर रोख दिलं तर तीही जाते.

शाळामंडळ
जर्मन संस्थांबद्दल थोडक्यात. 'पाश' नावाचं जर्मन शिकवणाऱ्या शाळांचं जाळं जर्मन परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये सुरू केलं, जगभरात दोनेक हजार शाळा त्यात आहेत. शाळेला तिथून रोकड मिळते अशी समजूत दिसते, पण मदत येते ती शिक्षक-प्रशिक्षण, साहित्य, परीक्षा आणि मोठ्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या या रूपात. अर्ज टाकला की झालं, असंही ते नाही. आधी दोन-तीन वर्षं वर्ग चालवून दाखवा. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यूने ५० कोटी युरोंचं कर्ज दिलं म्हणून तिथे पत्र लिहा, असंही कोणीतरी नेहमी सुचवतं. ती विकास बँक आहे हो, शाळेच्या तासिकेशी तिचा संबंध नाही.

फुकट मिळण्यासारखं मात्र चांगलं आहे. ग्योथे इन्स्टिट्यूटचं हान्स हाझे या सशाभोवती रचलेलं साहित्य बालवाडी ते सुरुवातीच्या इयत्तांसाठी आहे. ८ ते १२ वयासाठी त्यांची डिजिटल किंडरउनी आहे. खाती पालकांच्या ईमेलने उघडा. शिक्षिकेसाठी 'डॉइच लेरेन लेर्नेन' मालिकेतला आठवा भाग लहान मुलांना शिकवण्यावरच आहे. प्रशिक्षणाचे पंधरा हजार तिथे लावा. बी-टू म्हणजे भाषा येते. तिसरीच्या पोरांना सांभाळून शिकवणं वेगळं.

लक्ष्मीनगर_आई
वर्गात नेमकं काय अडतं, ते ताई सांगतील का? पाटीवर लिहून घ्यायचं की नाही, देवनागरीत उच्चार लिहायचे की नाही, यावर आमच्याकडे दोन तट आहेत.

जर्मनताई
पहिले तीन महिने लिहिणं नाही. ऐकणं, करणं, म्हणणं. एका तासिकेला पाच-सहाच नवे शब्द, आणि मागच्या दोन तासिकांचे पुन्हा. 'उठ, बस, दार उघड, निळा खडू दे' अशा आज्ञा देऊन अंगाने करवून घ्या. नाम कधीही एकटं शिकवू नका, आर्टिकलसकटच (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा शब्द). कार्डाची कडा रंगवा: डेर निळा, डी लाल, डास हिरवा. हेच रंग तिन्ही वर्षं आणि सगळ्या शिक्षकांनी. दुसऱ्या वर्षी नवीन शिक्षिकेने रंग बदलले की मुलं सहा महिने मागे जातात.

कार्ड ए-फाइव्ह, ३०० जीएसएम, १२५ मायक्रॉनचं लॅमिनेशन. पातळ घेतलं तर मे महिन्यात कपाटात वाकून बसतात.

शिकवण्याची आधारभाषा इंग्रजी ठेवू नका, मराठी ठेवा. मुलाला 'तो-ती-ते' आधीच येतं, तेव्हा तीन लिंगं ही त्याला नवलाई नाही. लिंग प्रत्येक शब्दाचं जुळणार नाही. सूर्य जर्मनमध्ये बाई आहे. आकड्यांतही मराठीच कामी येते. एकवीस म्हणताना आपण एकक आधी घेतो, जर्मनही तेच करतं. जी मुलं इंग्रजीत विचार करतात ती इथे हमखास १२ आणि २१ मध्ये नाही, पण २३ आणि ३२ मध्ये गोंधळतात.

देवनागरीत उच्चार: माझं मत, नको. वही भरली की मूल जर्मन वाचतच नाही, देवनागरी वाचतं.

महाल_मास्तर
ताईंशी इथे असहमत. नुसत्या रोमनवर सोडलं तर मूल इंग्रजीच्या सवयीने वाचतं. डब्ल्यूचा व, व्हीचा बहुतेक ठिकाणी फ, झेडचा त्स, जेचा य, ई-आयचा आय, आय-ईचा ई: हा सहा ओळींचा तक्ता देवनागरीत भिंतीवर लावा, वहीत नको. एवढ्याने ऐंशी टक्के वाचन सुधारतं असं मी म्हणणार नाही, पण रोजची टोकाटोकी थांबते. शेवटी डी आला की उच्चार टचा, जसं हुंट (कुत्रा), हेही त्यातच.

जिथे देवनागरी जास्त फसवते ते दोन आवाज. यूवर दोन टिंबं असली की 'ई' म्हणत ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे, हे आरशासमोर करून घ्या. आणि 'इश' (जर्मन 'मी') असं लिहिलं की मुलं पक्का श म्हणतात. तिथे जिभेचं टोक खालीच ठेवून 'ही' म्हणताना जो ह निघतो, तो नुसत्या श्वासाने लांबवायचा.

जर्मनताई
भिंतीवर तक्ता चालेल. वहीत नको, एवढं धरून ठेवा.

गोकुळपेठ_काका
मुलांना मराठीचा उतारा धड वाचता येत नाही आणि तुम्ही जर्मन घेऊन बसलात.

महाल_मास्तर
काका, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच तासिका मराठीच्या वेळातून नको असं वर आलंय. ज्या मुलाला दुसरीच्या अखेरीस मराठी वाचता येत नाही, त्याला आठवड्याच्या त्या ७० मिनिटांत मराठी वाचन द्या, असंही शाळा ठरवू शकते. फक्त ती शिक्षा वाटू नये.

लक्ष्मीनगर_आई
प्रमाणपत्र परीक्षा कधी?

जर्मनताई
'फिट इन डॉइच' ए-वन ही दहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी. ऐकणं, वाचणं, लिहिणं प्रत्येकी २० मिनिटं, गटात बोलणं साधारण १५. पास व्हायला ६० टक्के. चौथीच्या आत नाव काढू नका. पाचवीच्या अखेरीसही ज्यांची तयारी आहे त्यांनीच बसावं. केंद्र कुठे पडेल ते फी भरण्याआधी लेखी विचारा. पुण्याला जावं लागलं तर रात्रभराची गाडी, मुक्काम, सोबत एक पालक, असा खर्च परीक्षा-फीच्या वर जातो, आणि त्यात आरटीईची मुलं आपोआप गळतात. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आधीच धरा, नाहीतर शाळेने परीक्षाच काढू नये.

संत्रानगरी
म्हणजे आमचा क्रम असा दिसतो: डिसेंबरात फीचा प्रस्ताव, जानेवारीत महापालिकेच्या मुलांसह सीएसआरचा छोटा अर्ज, जर्मनीहून फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांची वैयक्तिक देणगी. यंदा तिन्ही इयत्ता एकदम सुरू कराव्यात का?

हिशेबनीस
नको. फक्त तिसरी घ्या. ३० मुलं, १५-१५ च्या दोन तुकड्या, १२० तासिका, ५४,००० मानधन. हातात जो काही पैसा येईल त्यातून याच मुलांच्या चौथी-पाचवीचं मानधन आधी बाजूला काढा. मुदत ठेवीत टाका, ट्रस्टच्या ठरावात तसं लिहा. उरलं तरच पुढच्या वर्षी नवी तिसरी.

सीएसआर_खिडकी
आणि शिक्षिकेशी करार अकरा महिन्यांचा नको, तीन सत्रांचा करा. दरवर्षी मानधनात किती वाढ, आणि सोडायचं झाल्यास दोन महिन्यांची सूचना, दोन्ही त्यातच लिहा. कार्डं आणि पाठ-टाचणं शाळेच्या मालकीची राहतील, हेही लिहा.

संत्रानगरी
ठरावाचा मसुदा करून इथेच टाकतो. टाचणं शाळेची म्हटल्यावर त्यांच्या तयारीच्या वेळेचं मानधन वेगळं धरावं लागेल ना?

जर्मनताई
हो. चार तासिकांमागे एक तास धरा.